माझे तीन नाद आणि कोल्हापूरचा समुद्रदेव

मराठीत ‘नाद’ या शब्दाची मोठी गंमत आहे. तानपुऱ्यातून उमटतो तोही नाद आणि माणसाला लागतो तोही नाद. मला असे तीन नाद आहेत. रोमन काळातले अवशेष, विज्ञानकथा आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर केलेलं प्रायोगिक संगीत. आमच्या मंडळातल्या मैत्रिणींना यांतला एखादा नाद समजू शकतो, पण तिन्ही एकाच बाईला कसे, याचं त्यांना नवल वाटतं. घरचे लोक बेसमेंटमधल्या माझ्या कोपऱ्याला ‘पाताळ’ म्हणतात. तिथे एका फळीवर पाँपेईची पुस्तकं, दुसरीवर नारळीकर आणि आसिमॉव्ह, आणि खाली टेबलावर वायरींच्या जंजाळात बसलेला एक जुना सिंथेसायझर.

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी “इतिहासावर काहीतरी द्या” असं म्हटलं, तेव्हा मी या पाताळाकडेच वळले. शिवकाळावर आणि पेशवाईवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी जरा आडवाटेने जाते. गंमत म्हणजे या तिन्ही वाटा फिरून फिरून आपल्याच मुलुखात येतात आणि आपल्यासारख्या परदेशी स्थायिक झालेल्यांना जिव्हाळ्याचा असा एक प्रश्न विचारतात. समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांचं मागे काय उरतं?

न्यूयॉर्कमध्ये भेटलेला कोल्हापूरकर

अमेरिकेत रोमन शहरांचे अवशेष असण्याचा प्रश्नच नाही. इथे आहेत त्या नकला आणि संग्रहालयं. लॉस एंजेलिसजवळ मालिबूला गेटी व्हिला आहे. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधल्या एका वाड्यावरून ही वास्तू बांधली आणि ती १९७४ साली लोकांसाठी उघडली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तर पाँपेईजवळच्या बोस्कोरियाले इथल्या वाड्यातलं एक शेजघर, भिंतीवरच्या चित्रांसकट आणून मांडलेलं आहे. ते पाहायला मी कितीदा गेले असेन, त्याची मोजदाद नाही.

पण खरा धक्का बसला तो २०२३मध्ये. त्या वर्षी मेटमध्ये ‘ट्री अँड सर्पंट’ हे प्राचीन बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. सासूबाई तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या होत्या, त्यांनाही घेऊन गेले. स्तूपांचे कोरीव दगड पाहत पाहत आम्ही एका काचेच्या पेटीपाशी आलो. आत वीतभरसुद्धा उंची नसलेली ब्राँझची एक मूर्ती होती. दाढीवाला, पिळदार शरीराचा ग्रीक समुद्रदेव पोसायडन. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. आणि खालच्या पाटीवर कोल्हापूरचं नाव!

“आई, हा बघा, तुमच्या गावचा. टाऊन हॉलच्या म्युझियममधला आहे.”

“टाऊन हॉलचा? अगं, त्या बागेत आम्ही रोज संध्याकाळी बसायचो की! आत जाऊन बघायचं काही सुचलं नाही बघ कधी.” मग त्यांनी मूर्ती नीट न्याहाळली आणि नेमका प्रश्न विचारला, “पण आमच्या पंचगंगेला हा समुद्राचा देव कशाला आला म्हणायचा?”

कोल्हापूरच्या जुन्या वस्तीचं टेकाड म्हणजे पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी. १९४०च्या दशकाच्या मध्यावर तिथे आधी प्रा. कुंदनगार यांच्या देखरेखीखाली खोदकाम झालं, आणि मग १९४५-४६मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केलं. सातवाहन काळातलं एक नांदतं गाव तिथे निघालं. याच टेकाडात ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात हा पोसायडन होता, आरसा होता, सुरेख मुठीची सुरई होती. पुढे रिचर्ड डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाने या साठ्याचा बारकाईने अभ्यास केला. तो १९९१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने काढलेल्या रोम आणि भारत यांच्या सागरी व्यापारावरच्या ग्रंथात छापलेला आहे. त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक भांडी देशी घडणीची आहेत, मोजक्याच वस्तू रोमन जगातून आलेल्या आहेत. म्हणजे कुणा हौशी कोल्हापूरकराने आपल्या घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांशेजारी हा परदेशी देव जपून ठेवला होता. आपण दिवाणखान्यात व्हेनिसची काचेची बाहुली ठेवतो, तसा. त्याला तो कोण वाटत असेल? वरुण? की नुसतीच एक देखणी मूर्ती? हे त्या मूर्तीवरून कळायला मार्ग नाही.

जाणं आणि येणं

हा प्रवास एकतर्फी नव्हता. १९३८ साली अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. गळ्यात हार, हातात कोपरापर्यंत कडी आणि दोन्ही बाजूंना दोन लहानशा दासी. तिला आधी ‘लक्ष्मी’ म्हटलं गेलं, आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. ती इ.स. ७९च्या आत तिथे पोचली होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, कारण त्याच वर्षी पाँपेई राखेखाली गेलं. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती कुठे सापडल्या? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा तशाच घडणीच्या मूर्तीचा भाग हाती आला. त्यामुळे पाँपेईची यक्षी भोकरदनच्या कारागिरांची असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. तिच्यावर खरोष्ठी लिपीतली खूण असल्यामुळे दुसरे काही तिचं माहेर वायव्येकडे शोधतात. वाद मिटलेला नाही. पण मराठवाड्यातल्या आणि पाँपेईतल्या घरांत एकाच घाटाच्या बायका उभ्या होत्या, एवढं मात्र खरं.

हा व्यापार चालायचा कसा, याची जिवंत हकिकत एका निनावी ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते आणि इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्याची आहे. फिलाडेल्फियाच्या विल्फ्रेड शॉफने १९१२मध्ये आणि न्यूयॉर्कच्या लायोनेल कॅसनने १९८९मध्ये तिची इंग्रजी भाषांतरं केली. दोन्ही आपल्या इथल्या ग्रंथालयांतून सहज मिळतात. त्यात पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं अंतर दिलं आहे. बिनरस्त्याच्या मुलुखातून गाड्यांवर माल भडोचला यायचा. पैठणचे अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरचं कापड. भडोचचं नाव यात बारिगाझा असं येतं.

गलबतं इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरून जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन येत. जो पाऊस आपण ‘मिस’ करतो, तोच यांचा नोकरदार वारा! परतीला थंडीतले उलटे वारे. कल्याणची हकिकत तर आपल्याला फारच ओळखीची वाटेल. पूर्वी तिथे रीतसर उतरता येई, पण राज्यकर्ता बदलला आणि आता चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात, असं लेखक सांगतो. ‘पोर्ट ऑफ एंट्री’ची कटकट दोन हजार वर्षांची जुनी आहे!

या व्यापाराचं दुसरं टोक म्हणजे इजिप्तमधलं बेरेनिके बंदर. डेलावेअर विद्यापीठाचे स्टीव्हन साइडबॉथम तिथे १९९४पासून उत्खनन करत आले आहेत. एका देवळात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. सामानात मसाला भरून नेण्याची आपली सवय किती जुनी, ते यावरून कळावं. २०२२मध्ये तिथे संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये जगाला कळलं की तिच्याबरोबर तिथून सातवाहनांची दोन नाणीही मिळाली आहेत. पैठणच्या राजांचं नाणं इजिप्तच्या वाळूत!

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. महाराष्ट्रात मिळालेल्या खापरांपैकी पूर्वी ज्यांना सरसकट रोमन मद्यकुंभ म्हटलं जाई, त्यांतली बरीच इराक-इराणकडच्या रांजणांची आहेत, असं अलीकडच्या अभ्यासाने दाखवलं आहे. समुद्रावर रोमन एकटे नव्हते. अरब, इराणी, इजिप्शियन आणि आपलेही खलाशी होते.

देणगीदारांची यादी

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते. मूर्ती आणि नाणी माणसांशिवायही प्रवास करतात. पण माणसं आली होती का? राहिली होती का?

हो. आणि त्यांनी सह्याद्रीत नावं कोरून ठेवली आहेत.

कल्याणहून घाटावर चढायचं तर नाणेघाट. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात, ट्रेकला गेलेल्यांना तो आठवत असेल. घाट चढून पुढे गेलं की जुन्नर. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, आणि त्यांतलाच एक म्हणजे आपला शिवनेरी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत तीन यवन भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी म्हणजे टाकी खोदून दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने लेण्याचं दर्शनी द्वार दिलं. यवन हा शब्द मूळचा ग्रीकांसाठी वापरलेला, पुढे पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही लावला गेलेला. कार्ल्याच्या चैत्यात तर खांबांमागून खांब धेनुकाकट गावच्या यवनांच्या देणगीचे आहेत. सिहधय, धम, यसवधन अशी त्यांची नावं. म्हणजे सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन!

नावं इथली, भाषा इथली प्राकृत, लिपी ब्राह्मी, धर्मही इथलाच. आणि तरी नावामागे ‘यवन’ हा शब्द आठवणीने लावलेला. वाचताना मला आपल्या मुलांचे शाळेतले फॉर्म आठवतात. दोन शब्दांत मधे आडवी रेघ मारून आपण जे लिहितो, तेच यांनी दगडात लिहिलं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याहून मोठी कहाणी आहे. सतराव्या क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदवलं. तो उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरचा, धर्मदेवाचा मुलगा. पुण्य आईवडिलांसाठी आणि या कामात सोबत मुलगा धर्मरक्षित. आजोबा, बाप, नातू, तीन पिढ्या एका लेखात आल्या. “आईवडिलांच्या स्मरणार्थ” ही ओळ आपल्या स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या पानावर दरवर्षी असते. तिची ही केवढी जुनी बहीण!

आता याच डोंगरातलं तिसरं लेणं पाहा. तिथे राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, ती थोरवी सांगते आणि शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा असं त्याला गौरवते. म्हणजे एकाच डोंगरात एका लेण्यात यवनांचा नाश केल्याचा अभिमान आणि काही पावलांवर यवनाने आईवडिलांसाठी दिलेलं लेणं. राजकारणाची भाषा एक आणि शेजाराची भाषा दुसरी, हे तेव्हाही होतं. दोन्ही लेख टिकले, हे मला फार मोलाचं वाटतं. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला या दोन्ही भाषा ऐकाव्या लागतात. निवडणुकीच्या हंगामात कुठली ऐकू येते आणि बर्फ साफ करायला शेजारी फावडं घेऊन येतो तेव्हा कुठली, हे काय वेगळं सांगायला हवं?

पण एक गोष्ट मनाला चटका लावते. या यवनांनी ग्रीकमध्ये एक ओळही इथे कोरली नाही. धर्मरक्षिताच्या मुलांना आजोबांच्या मुलखाची बोली येत होती का, कोण जाणे. त्यांचं पाणी उरलं, मंडप उरला, नाव उरलं. भाषा विरघळली.

ट्रुमन्सबर्ग ते अहमदाबाद

त्याच पेरिप्लसमध्ये भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी. आणि राजासाठी खास नजराणा म्हणून गाणारे-वाजवणारे गुलाम. संगीतासाठी माणसं विकली जात होती, हे वाचून अंगावर काटा येतो. १९६९ साली याच गुजरातच्या भूमीवर पश्चिमेकडून पुन्हा एकदा संगीताचा ऐवज उतरला. या वेळी सुदैवाने ते एक यंत्र होतं. इथून माझा दुसरा नाद सुरू होतो.

न्यूयॉर्क राज्यात, इथाकाजवळच्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात रॉबर्ट मूग सिंथेसायझर बनवत असे. कपाटाएवढं यंत्र, त्यावर शेकडो भोकं आणि एका भोकातून दुसऱ्यात घालायच्या वायरी. तत्त्व सोपं आहे. विजेचा दाब वाढवला की स्वर चढतो, एका व्होल्टला एक सप्तक. पेटीच्या पट्ट्या बाराच स्वर देतात, पण विजेचा दाब हवा तसा सरकवता येतो. म्हणजे मींड निघते, श्रुती निघते. आपल्या कानाला पेटीत जे खटकतं, ते या अमेरिकन कपाटात आपोआप सुटतं!

हे यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, पोचलं आणि १९६९च्या शरदात डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे स्टुडिओ उभारून दिला. यामागची एक महत्त्वाची दुवा जोडणारी व्यक्ती म्हणजे पखवाज शिकलेल्या गीता साराभाई. १९४६मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या आणि जॉन केजबरोबर त्यांनी विद्येची अदलाबदल केली. केजने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचं आणि त्यांनी केजला भारतीय. संगीत मन शांत करण्यासाठी असतं, हा त्यांच्या गुरूंचा विचार केजने पुढे आयुष्यभर मिरवला. अमेरिकेच्या सगळ्यात बंडखोर संगीतकाराच्या विचारांत एका भारतीय मुलीचा असा वाटा आहे.

एनआयडीच्या स्टुडिओत गीताबेन, गायक अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि तरुण जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. जोशीपुरांच्या एका रचनेचं नाव आहे ‘स्पेस लाइनर २००१’. गीताबेनचे भाऊ विक्रम साराभाई आणि याच १९६९च्या १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली. जुलैत माणूस चंद्रावर उतरला होता. अहमदाबादच्या एका खोलीत भविष्याचा आवाज शोधला जात होता.

काही वर्षांतच स्टुडिओ थंडावला. रिळं कपाटात गेली आणि सुमारे साडेचार दशकं तिथेच राहिली. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांनी ती संस्थेच्या संग्रहातून शोधून काढली, त्यावर २०२०मध्ये बीबीसी रेडिओवर कार्यक्रम केला आणि २०२३मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा रात्री पाताळात एकटीच होते. शंख, भुंगा, विमान, तानपुरा, सगळं एकात एक मिसळलेलं. ऐकायला सोपं नाही, पण ‘भारतात त्या काळी असं काही नव्हतंच’ हे वाक्य मात्र त्या रात्रीपासून माझ्या तोंडून गेलं.

मुंबईची गोष्ट याहून गमतीदार. हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेऊन यमन, तोडी, भैरव, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी फारशी चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७मध्ये, शिकागोत त्यांपैकीच एका यंत्रावर ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नवा संगीतप्रकार जन्माला आला आणि जगभर पसरला. २०१०मध्ये चरणजितजींची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा लोक थक्क झाले. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. यंत्र एकच, कान दोन.

जगतापांची कथा

यंत्र परक्याचं, पण कान आपला. तिसऱ्या नादात हीच गोष्ट भाषेची होते.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेले! जन्म १९ जुलै १९३८चा, गाव कोल्हापूर. त्याच वर्षी पाँपेईत यक्षी सापडली. आणि पुढे नारळीकरांच्या गाजलेल्या कथासंग्रहाचं नाव ‘यक्षांची देणगी’. हा निव्वळ योगायोग, पण माझ्यासारखीला असल्या योगायोगांवर दिवस काढता येतो.

नारळीकर बनारसला वाढले, केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वरचनेवर काम केलं आणि १९७२मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत. नारळीकरांना इंग्रजीत लिहिणं अगदी सोपं होतं, वाचकही जगभर मिळाले असते. पण पहिली कथा त्यांनी मराठीत लिहिली आणि तीसुद्धा नावाचं वजन न वापरता.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. इंग्रजीतली ‘द अ‍ॅडव्हेंचर’ भारतात अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन पोचतात, जिथे मराठे पानिपतावर जिंकले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे हुकते आणि पुढचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा म्हणून उरतो तो बखरीचा एक फाटका कागद.

मला या कागदाचं फार अप्रूप आहे. ब्रह्मपुरीची मूर्ती, बेरेनिकेचं नाणं, अहमदाबादचं रीळ, हे सगळे तसलेच कागद आहेत. दुसऱ्या एका जगातून इथे येऊन पडलेले, आणि ते जग खरंच होतं असं सांगणारे.

नारळीकर एकटे नव्हते. लक्ष्मण लोंढे यांच्या मराठी कथेचा अनुवाद कॅन्सस विद्यापीठाच्या जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांच्या आपल्या संग्रहात घेतला. तो खंड १९९८चा. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर या मंडळींनीही मराठी माणसाला मराठीत भविष्याची स्वप्नं पडू दिली. नाशिकला २०२१मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते, प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही. २० मे २०२५ला ते पुण्यात गेले. पांडवलेण्यांच्या गावी संमेलनाध्यक्ष म्हणून एक विज्ञानकथाकार निवडला गेला, हे मला फार समाधानाचं वाटतं.

जुन्नरच्या यवनांकडे पाहून जी हुरहुर लागते, तिला हे एक उत्तर आहे. भाषा नुसती जपून टिकत नाही. कृष्णविवरासारखी नवी गोष्ट तिच्यात सांगावी लागते.

आपल्या कपाटातली रिळं

आता आपल्याकडे वळते. अमेरिकेतल्या अनेक मंडळांना पन्नास वर्षं होऊन गेली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९चं, म्हणजे अहमदाबादच्या त्या स्टुडिओच्याच वयाचं. पहिल्या गणपतीचे फोटो, नाटकांच्या कॅसेट, पाहुण्या गायकांच्या मैफलींची रिळं, हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रं, हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या अ‍ॅटिकमध्ये आहे. घरं विकली जात आहेत, माणसं सीनियर कम्युनिटीत जात आहेत आणि मुलांना त्या खोक्यांत काय आहे ते माहीत नाही. चुंबकीय फीत लेण्यासारखी दोन हजार वर्षं टिकत नाही. तीस-चाळीस वर्षांत ती चिकटायला, झडायला लागते.

म्हणून दोन कामं सुचवते. पहिलं, या वर्षी घरातल्या प्रत्येक जुन्या कॅसेटवर आणि फोटोमागे नाव, गाव आणि साल लिहा. इरिलाने एवढंच केलं होतं. आमच्या मंडळात आम्ही चौघीजणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतो. माझ्या पाताळातल्या वायरींचा पहिल्यांदाच समाजाला उपयोग होतो आहे. दुसरं काम मुलांचं. मराठी शाळेत त्यांना निबंधाला ‘माझी आजी’ याबरोबर कधी ‘मंगळावरची माझी आजी’ हाही विषय द्या. व्याकरण चुकू द्या.

सासूबाईंनी परत गेल्यावर फोन केला. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन आल्या होत्या. मूर्ती अजून प्रवासातच होती, न्यूयॉर्कनंतर प्रदर्शन कोरियात सोलला गेलं होतं. “देव काही भेटला नाही,” त्या म्हणाल्या, “पण बाकीचं सगळं बघितलं. तिथल्या माणसाला सांगितलंसुद्धा, तुमच्या देवाला आम्ही अमेरिकेत भेटून आलोय म्हणून. नाद खुळा आहे बघ तुझा!”